छिद्र नसलेले चॅनेल: मिन-के प्रथिनाच्या ओळखीचे प्रकरण

१९८८ साली क्योतो विद्यापीठातल्या तोरु ताकुमी, हिरोआकी ओहकुबो आणि शिगेतादा नाकानिशी यांनी उंदराच्या मूत्रपिंडातला संदेशवाहक आरएनए घेतला आणि बेडकाच्या अंडपेशींच्या मदतीने त्यातले एक जनुक वेगळे काढले. बेडूक म्हणजे झेनोपस, आफ्रिकेतला आणि जन्मभर पाण्यात राहणारा. त्याच्या मादीची अंडपेशी साधारण एक मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिच्यात परका आरएनए टोचला की ती त्याबरहुकूम प्रथिन बनवते आणि बऱ्याचदा ते आपल्या पटलावर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणावर, नेऊनही बसवते. मग तिच्यात काचेच्या दोन बारीक सुया खुपसायच्या, पटलावरचे व्होल्टेज हवे तिथे धरून ठेवायचे आणि कोणता प्रवाह वाहतो ते मोजायचे. अशा रीतीने चाळत चाळत या तिघांच्या हाती एकच जनुक लागले. ते टोचले की अंडपेशीत पोटॅशियमचा प्रवाह सुरू होई.

तो प्रवाह विलक्षण संथ होता. व्होल्टेज वाढवल्यावर नेहमीची पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पटलात पोटॅशियमसाठी छिद्र करून देणारी प्रथिने, काही मिलिसेकंदांत उघडतात. हा प्रवाह मात्र अनेक सेकंद नुसता वाढतच राहायचा, आणि मापन थांबवले तरी तो शिगेला पोचलेला नसे.

प्रथिनाची लांबी मोजल्यावर तर सगळेच चक्रावले. फक्त १३० अमायनो आम्ले, आणि पटल आरपार ओलांडणारा एकच पट्टा. आदल्याच वर्षी, १९८७ साली, फळमाशीतले शेकर हे पोटॅशियम चॅनेल सापडले होते. त्याची लांबी सहाशे अमायनो आम्लांच्या वर आणि ते पटल सहा वेळा ओलांडते. नव्या प्रथिनाचे त्याच्याशी नावालाही साम्य नव्हते. आकारावरून त्याला ‘मिनिमल’ पोटॅशियम चॅनेल, म्हणजे मिन-के, असे नाव पडले. काही प्रयोगशाळा संथ पोटॅशियम प्रवाहावरून त्याला आय-एस-के म्हणत. पुढच्याच वर्षी माणसातले जनुक मिळाले. त्याचे प्रथिन १२९ अमायनो आम्लांचे, आणि आज त्या जनुकाला केसीएनई१ म्हणतात.

हे प्रथिन आहे कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढची आठ वर्षे गेली. या लेखात मी त्या आठ वर्षांची तपासणी करणार आहे. त्यात कोणी फसवाफसवी केली नाही, कोणाचा प्रयोगही चुकला नाही. मोजमापे खरी होती आणि तरीही त्यांतून निघालेला निष्कर्ष चुकीचा होता. हे कसे घडते ते या प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसऱ्या कुठल्या प्रकरणात दिसलेले नाही.

चॅनेल आहे, असे का वाटले

पहिले कारण सरळ होते. प्रथिन घातले की प्रवाह येतो, नाही घातले की येत नाही. अंडपेशीवरच्या प्रयोगांत कोणत्याही नव्या चॅनेलची ओळख अशीच पटवली जात होती.

इतके लहान प्रथिन छिद्र कसे बनवणार, ही शंका रास्त होती. पण तिला उत्तर होते. जीवाणूंनी बनवलेले ग्रामिसिडिन हे प्रतिजैविक अवघ्या १५ अमायनो आम्लांचे, आणि त्याचे दोन रेणू टोकाला टोक लावून पटलात छिद्र पाडतात. १९९२ साली इन्फ्लुएन्झा विषाणूचे एम-२ प्रथिन आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, वाट देणारे चॅनेल असल्याचे दाखवले गेले. ते ९७ अमायनो आम्लांचे, एकाच पट्ट्याचे, आणि त्याचे चार रेणू एकत्र येऊन प्रोटॉनसाठी वाट करतात. मग मिन-केचे काही रेणू कडे करून उभे राहत असतील आणि मधून पोटॅशियम जात असेल, ही कल्पना अजिबात वेडगळ नव्हती. त्या काळी मी त्या जागी असतो तर मीही तीच मांडली असती.

सगळ्यांत वजनदार पुरावा मात्र दुसराच होता. १९९१ साली स्टीव्ह गोल्डस्टाइन आणि ख्रिस्तोफर मिलर यांनी मिन-केच्या पटलातल्या पट्ट्यात एकेक अमायनो आम्ल बदलून पाहिले. ५५ व्या जागेवर फेनिलअॅलनिन काढून दुसरे काही बसवले की चॅनेलची निवडकता बदलली, म्हणजे पोटॅशियमऐवजी दुसरे आयन किती सहज जातात ते बदलले. उघड्या चॅनेलमध्ये अडकून प्रवाह रोखणाऱ्या आयनांचा परिणामही बदलला. निवडकता ही छिद्राची खासगी गोष्ट मानली जाते. पोटॅशियमला आत घ्यायचे आणि सोडियमला बाहेर ठेवायचे, हा निर्णय छिद्राच्या सर्वांत अरुंद भागात होतो. ज्या प्रथिनातला एक अणुगट बदलल्याने हा निर्णय बदलतो, ते प्रथिन त्या छिद्राची भिंत असणार, हा तर्क त्या वेळी पक्का वाटला. आजही वाचताना तो पटतो, म्हणूनच या प्रकरणात खोलात जावेसे वाटते.

न जुळणाऱ्या गोष्टी

पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे मिन-केला बेडकाच्या अंडपेशीचीच गरज का लागावी? दुसऱ्या प्रकारच्या कित्येक पेशींत ते घातले तर प्रथिन तयार होई, पण प्रवाह दिसत नसे. काही प्रयोगशाळांना माणसाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींत थोडा प्रवाह मिळाला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. स्वतःच छिद्र असलेल्या प्रथिनाने पेशी पाहून वागण्याचे कारण नव्हते.

दुसरी गोष्ट १९९३ सालची. बर्नार अताली आणि त्यांच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी दाखवले की मिन-के टोचलेल्या अंडपेशीत पोटॅशियमच्या जोडीला क्लोराइडचाही प्रवाह येतो, आणि तो उलट दिशेच्या व्होल्टेजला चालू होतो. पोटॅशियम धनभारित, क्लोराइड ऋणभारित. एकच छिद्र या दोघांना निवडून नेईल हे अवघड. प्रथिनाचे एक टोक छाटले की एक प्रवाह बिघडे, दुसरे टोक छाटले की दुसरा. त्यांचा निष्कर्ष असा की हे प्रथिन अंडपेशीत आधीच असलेल्या, झोपलेल्या चॅनेलना जागे करत असावे. १९९३ साली हे म्हणणे अल्पमतातले होते.

तिसरी गोष्ट १९९४ सालची. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर प्रयोग हाच, आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. एडवर्ड ब्लुमेंथल आणि लेनर्ड काचमारेक यांनी मिन-केला एक ओळखचिठ्ठी जोडली, म्हणजे पटलावर ते किती पोचले हे प्रवाहाशी संबंध न ठेवता वेगळे मोजता यावे. मग अंडपेशीत आरएनए कमी-जास्त मात्रेत टोचला. सुरुवातीला आरएनए वाढवला तसा प्रवाह वाढला. पुढे एका टप्प्यावर प्रवाह वाढायचा थांबला, पटलावरचे मिन-के मात्र वाढतच राहिले. प्रत्येक मिन-के जर छिद्राचा भाग असेल तर जास्त मिन-के म्हणजे जास्त छिद्रे, आणि जास्त प्रवाह. तसे होत नव्हते. म्हणजे दुसरे काहीतरी मर्यादित होते, जे अंडपेशीकडे मोजकेच होते आणि जे संपले की उरलेले मिन-के नुसतेच बसून राहत होते.

या प्रयोगाला महागडे उपकरण लागले नाही. दोन संख्या, ज्यांचे प्रमाण कायम राहील असे सगळ्यांनी गृहीत धरले होते, त्या त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या.

तरीही प्रकरण मिटले नाही. ‘दुसरे काहीतरी’ आहे म्हणणे आणि ते हातात घेऊन दाखवणे यांत फार अंतर असते. छिद्राच्या बाजूचा पुरावा तर वाढतच होता. १९९६ सालापर्यंत मिन-केचे काही अमायनो आम्ले आयनांच्या वाटेला लागून आहेत असे दाखवणारी मापने प्रसिद्ध होत होती.

जोडीदार सापडतो

उत्तर आले ते भलत्याच वाटेने. युटा विद्यापीठात मार्क कीटिंग यांचा गट अशा कुटुंबांचा अभ्यास करत होता ज्यांच्यात तरुण माणसे अचानक बेशुद्ध पडत किंवा दगावत. त्यांच्या ईसीजीमध्ये क्यूटी अंतर लांबलेले असे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला जो वेळ लागतो, तो या अंतरात दिसतो. १९९१ साली या गटाने दोष ११व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले आणि जानेवारी १९९६ मध्ये जनुक हाती आल्याचे जाहीर केले. आज त्याला केसीएनक्यू१ म्हणतात. त्याचे प्रथिन ६७६ अमायनो आम्लांचे, पटल सहा वेळा ओलांडणारे आणि मध्ये पोटॅशियम चॅनेलची ठरावीक खूण असलेले. हे मात्र दिसायलाच चॅनेल होते.

पण हे चॅनेल एकटे पेशीत घातले तर येणारा प्रवाह हृदयातल्या कुठल्याच ओळखीच्या प्रवाहाशी जुळेना. तो लवकर उघडे आणि आकाराने लहान असे. म्हणजे एकीकडे प्रवाह सापडलेले, पण छिद्र नसलेले प्रथिन. दुसरीकडे छिद्र सापडलेले, पण प्रवाह न जुळणारे प्रथिन.

हृदयविद्युत अभ्यासणाऱ्यांकडे तिसरा धागा होता. १९९० साली मायकल सँग्विनेटी आणि नॅन्सी जुर्किविक्झ यांनी गिनीपिगच्या हृदयपेशींत एका औषधाच्या साहाय्याने पोटॅशियमचा उशिरा येणारा प्रवाह दोन भागांत वेगळा केला होता. एक झपाट्याने उघडणारा, दुसरा अतिशय संथ. संथ भागाला आय-के-एस म्हणतात. मिन-केने अंडपेशीत आणलेला प्रवाह याच्याशी हुबेहूब मिळत होता.

नोव्हेंबर १९९६ मध्ये नेचर नियतकालिकात लागोपाठच्या पानांवर दोन शोधनिबंध आले. एक फ्रान्समधल्या जाक बारानँ आणि सहकाऱ्यांचा, दुसरा युटातल्या सँग्विनेटी, कीटिंग आणि सहकाऱ्यांचा. दोघांनीही तीच गोष्ट केली होती. ज्या सस्तन पेशींत मिन-के एकटे काहीच करत नाही, त्यांत केसीएनक्यू१ आणि मिन-के दोन्ही एकत्र घातली. लहान, लवकर उघडणारा प्रवाह नाहीसा झाला आणि त्या जागी मोठा, संथ, सेकंदोसेकंद वाढणारा प्रवाह आला. तोच आय-के-एस. युटाच्या गटाने बेडकाच्या अंडपेशीतही केसीएनक्यू१चा बेडकातला भाऊबंद मुळातच असल्याचे दाखवले. ब्लुमेंथल आणि काचमारेक यांना जे ‘मोजके’ आहे असे दिसले होते, ते हेच.

म्हणजे १९८८च्या त्या पहिल्या प्रयोगात वाट अंडपेशीचीच होती. क्योतोच्या गटाने टोचलेल्या जनुकाने ती फक्त रुंद आणि संथ केली होती.

मग १९९१चा पुरावा खोटा होता का

नाही, आणि याच मुद्द्यावर बरेच जण घाई करतात. ५५ व्या जागेवरच्या बदलाने निवडकता बदलली हे मोजमाप बरोबर होते. चूक होती ती त्यापुढच्या पायरीत: ज्याला हात लावल्यावर छिद्राचा गुण बदलतो ते छिद्रच असते, असे धरून चालण्यात.

नंतरच्या कामातून मिन-केची जागा बरीच स्पष्ट झाली. केसीएनक्यू१चे चार रेणू मिळून एक चॅनेल बनवतात. मधोमध छिद्र आणि भोवती व्होल्टेज ओळखणारे चार भाग, ज्यांना संवेदक म्हणू. मिन-के या संवेदकांच्या आणि छिद्राच्या मधल्या फटीत, पटलात आडोसा धरून उभे राहते. तिथून त्याचा एका बाजूने संवेदकाशी आणि दुसऱ्या बाजूने छिद्र घडवणाऱ्या पट्ट्याशी संबंध येतो. इतक्या जवळ उभ्या असलेल्या प्रथिनात बदल केला तर छिद्राचा आकार किंचित हलणारच. शेजारच्या घराचा पाया हलवला तर आपल्या भिंतीलाही तडा जातो, तशातला हा प्रकार.

शेजाऱ्याचा परिणाम किती नेमका असू शकतो ते २००१ साली दिसले. मिन-केला केसीएनई३ नावाचे एक भावंड आहे. तेही केसीएनक्यू१ला जोडले जाते, पण त्याच्या संगतीत चॅनेल संथ होण्याऐवजी जवळजवळ कायम उघडे राहते. आतड्याच्या अस्तरात ही जोडी काम करते. दोन्ही प्रथिनांच्या पटलातल्या पट्ट्यात एका ठरावीक जागी फरक आहे: मिन-केमध्ये ५८ व्या जागी थ्रिओनिन, केसीएनई३मध्ये त्याच जागी व्हॅलिन. मिन-केचे थ्रिओनिन काढून व्हॅलिन बसवले की मिन-के भावंडासारखे वागू लागते. आकाराने जवळजवळ सारख्याच असलेल्या दोन अमायनो आम्लांमुळे एकच चॅनेल कुठे सेकंदभर थांबून उघडते, तर कुठे उघडेच राहते. नियामक प्रथिन म्हणजे काय, हे समजावताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

संथपणा कशासाठी

हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्या पेशीचा विद्युत आवेग साधारण तीनशे मिलिसेकंद टिकतो. आय-के-एस पूर्ण उघडायला सेकंद लागतात. म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या प्रत्येक ठोक्यात या चॅनेलचा अगदी थोडा भाग उघडतो. मग एवढे संथ चॅनेल ठेवून उपयोग काय?

उपयोग धावताना आणि घाबरताना होतो. ठोके जलद होतात तेव्हा दोन ठोक्यांमध्ये चॅनेलना पूर्ण मिटायला वेळ मिळत नाही. ती अर्धवट तयारीत राहतात आणि पुढच्या ठोक्याला लवकर उघडतात. त्यात अॅड्रेनलिन भर घालते. २००२ साली दाखवले गेले की योटियाओ नावाचे एक प्रथिन केसीएनक्यू१ला चिकटून राहते आणि फॉस्फेट जोडणारे विकर चॅनेलच्या उशाशीच बांधून ठेवते. अॅड्रेनलिनचा संदेश आला की ते विकर लगेच कामाला लागते आणि प्रवाह वाढतो. परिणामी ठोके वाढतात तसा प्रत्येक आवेग आखूड होतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदयाला भरायला वेळ उरतो.

मिन-के नसेल किंवा बिघडलेले असेल तर नेमकी ही सोय जाते. बसलेला माणूस ठीक असतो. पळताना, पोहताना, दचकताना आवेग आखूड होत नाही, क्यूटी अंतर ठोक्यांच्या मानाने लांब राहते, आणि खालच्या कप्प्यांत घातक अनियमित लय सुरू होऊ शकते.

कान

१९५७ साली नॉर्वेतल्या अँटन जेर्वेल आणि फ्रेड लांगे-नीलसन यांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. सहा मुलांपैकी चार जन्मतः ठार बहिरी होती. चौघांनाही बेशुद्धीचे झटके येत आणि चौघांचेही क्यूटी अंतर लांबलेले होते. त्यांतली तीन मुले चार, पाच आणि नऊ वर्षांची असताना अचानक दगावली. आईवडील दोघेही ऐकू शकत होते. हृदय आणि कान यांचा संबंध काय, हे त्या वेळी कोणालाही सांगता येण्यासारखे नव्हते.

संबंध मिन-के आणि केसीएनक्यू१च्या जोडीत आहे. अंतर्कर्णाच्या मधल्या पोकळीत एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो. शरीरातले पेशीबाहेरचे बाकीचे द्रव सोडियमने भरलेले असतात, पण यात पोटॅशियम सुमारे १५० मिलिमोलर असते आणि त्याचे व्होल्टेज भोवतालापेक्षा सुमारे ८० मिलिव्होल्टने धन असते. आवाजाने केसपेशींवरचे केस वाकतात, तेव्हा हेच पोटॅशियम आत शिरते आणि ऐकू येण्याची सुरुवात होते. या द्रवात पोटॅशियम ओतण्याचे काम पोकळीच्या भिंतीवरच्या पेशी करतात, आणि त्यांच्या पटलावर हीच दोन प्रथिने मिळून तयार झालेले चॅनेल बसलेले असते. इथे व्होल्टेज झटक्यात बदलत नाही, त्यामुळे संथपणाला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते चॅनेल न थकता उघडे राहण्याला.

१९९६च्या डिसेंबरात मिन-केचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची माहिती प्रसिद्ध झाली. ते बहिरे होते, तोल जाऊन गोल गोल फिरत. त्यांच्या अंतर्कर्णातली पोकळी द्रवाअभावी मिटलेली होती आणि केसपेशी झडत गेल्या होत्या. १९९७ साली जेर्वेल आणि लांगे-नीलसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराच्या रुग्णांत आधी केसीएनक्यू१चे आणि मग केसीएनई१चे दोष सापडले. एक जनुक ११व्या गुणसूत्रावर, दुसरे २१व्या. दोन्ही जनुके निराळी असूनही आजार एकच, कारण पटलावर ती एकाच यंत्राचे दोन भाग बनवतात. बहुतेक रुग्णांत दोष केसीएनक्यू१मध्ये असतो, सुमारे दहांतल्या एका रुग्णात केसीएनई१मध्ये, आणि या दुसऱ्या गटात हृदयाचा त्रास तुलनेने सौम्य आढळतो.

दवाखान्यात याचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे. जन्मतः दोन्ही कानांनी बहिरे असलेले मूल पळताना किंवा घाबरून बेशुद्ध पडले, तर अपस्मार म्हणून औषध सुरू करण्याआधी त्याचा ईसीजी काढून क्यूटी अंतर मोजायलाच हवे. ही चूक अनेकदा होते आणि ती जिवावर बेतते. आजार आई आणि वडील या दोन्ही बाजूंनी दोष आल्याशिवाय पूर्ण प्रकट होत नाही. पण आईवडील आणि भावंडे एकेरी दोष बाळगत असू शकतात. त्यांचे कान चांगले असतात, क्यूटी मात्र लांबलेले असू शकते, म्हणून ईसीजी त्यांचाही काढावा लागतो.

केसीएनई१चा एक बदल मात्र निराळ्या कारणाने लक्षात ठेवावा लागतो: ८५ व्या जागी अॅस्पार्टिक आम्लाऐवजी अॅस्पॅराजिन. तो तसा दुर्मीळ नाही आणि एरवी बहुधा कसलाच त्रास देत नाही. पण ज्यांना काही औषधांमुळे क्यूटी लांबून घातक लय झाली, अशा रुग्णांत तो इतर लोकांपेक्षा जास्त आढळतो. असा माणूस वर्षानुवर्षे निरोगी असतो. मग आय-के-एसच्या जोडीचा दुसरा, झपाट्याने उघडणारा प्रवाह रोखणारे औषध मिळते आणि राखीव म्हणून जो संथ प्रवाह उपयोगी पडायचा तोच तोकडा निघतो.

किती मिन-के

ओळख पटली तरी हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. केसीएनक्यू१चे रेणू चार, पण त्यांच्यासोबत मिन-केचे किती? एका बाजूचे म्हणणे, कायम दोन. चमकणारे रेणू एकेक करून विझवत मोजणाऱ्या आणि केसीएनक्यू१ला मिन-के जोडून एकच सलग प्रथिन बनवणाऱ्या दुसऱ्या गटांचे म्हणणे, ही संख्या बदलते आणि चारही फटी भरू शकतात. हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. संख्या बदलत असेल तर पेशीने मिन-के कमी-जास्त बनवणे हाच चॅनेल फिरवण्याचा एक मार्ग ठरतो. मग आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेल्या बिघडलेल्या मिन-केने भरलेल्या फटी आणि चांगल्या मिन-केने भरलेल्या फटी एकाच चॅनेलमध्ये शेजारी शेजारी असू शकतात. एकेरी दोष असलेल्या दोन भावंडांचे ईसीजी इतके वेगळे का दिसतात, याच्या उत्तराचा काही भाग इथे असू शकतो. १९९४च्या प्रयोगात आरएनएची मात्रा वाढवत नेली होती, तेव्हा खरे तर हाच प्रश्न विचारला जात होता, फक्त जोडीदाराचे नाव माहीत नव्हते.